चाचणीला आलेली माणसं टिकतात कशी?

१. रुग्ण इतके, मग माणसं का मिळत नाहीत?

रायपूरला ज्याला सगळे मेकाहारा म्हणतात त्या डॉ. आंबेडकर रुग्णालयात सकाळी केसपेपरची रांग पाहिली की कुणालाही हा प्रश्न पडेल. टाटीबंधच्या एम्समध्येही गर्दीला तोटा नाही. बस्तरपासून सरगुजापर्यंतचे आजारी इथे येतात. मग नव्या औषधाच्या चाचणीसाठी जेमतेम दोनशे माणसं गोळा करायला वर्षानुवर्षं का लागतात? दुसरा प्रश्न रुग्णाचे नातेवाईक विचारतात, तोही डॉक्टर खोलीबाहेर गेल्यावर: आत्ता नाव घातलं आणि पुढे जमलं नाही, तर मधेच सोडता येतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. हो, सोडता येतं. कधीही, कारण न सांगताही सोडता येतं, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. संमतिपत्रात तसं लिहिलेलं असतं, असावंच लागतं. पण ज्यांना चाचणीतून खरं उत्तर काढायचं आहे त्यांच्यापुढची अडचण इथूनच सुरू होते.

चाचणीची मूळ कल्पना साधी आहे. एकाच आजाराच्या माणसांचे दोन गट करायचे. कोण कुठल्या गटात जाईल हे डॉक्टरने किंवा रुग्णाने ठरवायचं नाही, ते चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर सोडायचं. एका गटाला नवं औषध द्यायचं, दुसऱ्याला जुनं औषध किंवा दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. ठरलेल्या मुदतीनंतर दोन्ही गटांची तुलना करायची. चिठ्ठीमुळे गट सुरुवातीला सारखे असतात, म्हणून शेवटी दिसलेला फरक औषधाचा मानता येतो. हा सारखेपणा शेवटपर्यंत टिकला तरच सगळ्या खटाटोपाला अर्थ आहे.

२. आकडा कुठे आटतो

छत्तीसगडमध्ये आणि विदर्भात घरोघरी ऐकू येणारा आजार घेऊ, सिकलसेल. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फुटल्यासारख्या वेदना सुरू होतात. समजा, रायपूरच्या एखाद्या रुग्णालयात या आजारावरच्या नव्या गोळीची चाचणी करायची आहे. २०० माणसं हवीत. विभागप्रमुख म्हणतात, "आमच्या ओपीडीला महिन्याला ३० सिकलसेलवाले येतात. सात महिन्यांत काम होईल."

आता प्रत्यक्ष काय होतं ते बघू. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. तिसांपैकी १२ अठरा वर्षांखालचे निघतात, उरले १८. त्यातल्या आठजणांना दुसरं औषध आधीच चालू आहे, उरले १०. एकीला दिवस गेलेत आणि दोघांच्या मूत्रपिंडाच्या तपासण्या बिघडलेल्या आहेत, उरले ७. दर महिन्याला रायपूरला येणं तिघांना शक्यच नाही, उरले ४. चौघांपैकी सरासरी अडीच माणसं 'हो' म्हणतात. दोनशेला अडीचने भागा. ८० महिने, म्हणजे साडेसहा वर्षांहून जास्त.

हा अनुभव जगभरचा आहे. लुई लासान्या या अमेरिकन औषधतज्ज्ञाच्या नावाने त्याचा नियमच सांगितला जातो: चाचणी सुरू झाली की योग्य रुग्णांची संख्या एकदम घटते आणि चाचणी संपली की पुन्हा पहिल्यासारखी होते. रुग्ण कुठे जात नाहीत. आधीचा अंदाज नुसत्या गर्दीवरून बांधलेला असतो, एवढंच.

उपाय कंटाळवाणा आहे, पण त्याला पर्याय नाही. चाचणी आखण्याआधी काही महिन्यांचं ओपीडीचं रजिस्टर घेऊन बसायचं आणि प्रत्येक नावापुढे एकेक अट लावून पाहायची. एखाद्या अटीने निम्मी माणसं गळत असतील, तर ती रुग्णाच्या सुरक्षेसाठी आहे की दुसऱ्या कुणाच्या कागदावरून जशीच्या तशी उतरवली आहे, हे विचारायचं. तरीही माणसं कमी पडली तर एका गावाचा हट्ट सोडून दोनतीन केंद्रं घ्यायची. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी सिकलसेलच्या मुलांवर हायड्रॉक्सीयुरियाच्या कमी मात्रेची चाचणी केली, ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे एका केंद्रात, नीट निवडलेल्या थोड्या मुलांवरही उपयोगी काम होऊ शकतं. मात्र किती माणसं मिळतील याचा हिशेब आधी खरा हवा.

३. 'हो' म्हणायला काय लागतं

डिसेंबर २०२० मध्ये कोविडविरोधी कोव्हॅक्सिन लशीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी देशभर चालू होती. देशात सुमारे २५,८०० स्वयंसेवक घ्यायचे होते. दिल्लीच्या एम्समध्ये दीड-दोन हजार हवे असताना तोवर सुमारे दोनशेच मिळाले होते. तिथल्या प्रमुख संशोधकांनी जाहीरपणे सांगितलेलं कारण सरळ होतं: लस काही दिवसांत सगळ्यांनाच मिळणार असेल तर चाचणीत कशाला शिरायचं, असा विचार लोक करत होते. लोकांचं काही चुकत नव्हतं. चाचणीत निम्म्यांना लस नसलेलं इंजेक्शन मिळणार होतं.

त्याच सुमारास याच चाचणीबद्दल भोपाळमध्ये उलटी तक्रार आली. युनियन कार्बाइडच्या जुन्या कारखान्याजवळच्या वस्त्यांमधल्या काही जणांनी सांगितलं की ७५० रुपये मिळतील म्हणून आम्ही गेलो, ही चाचणी आहे हे आम्हाला कुणी नीट समजावलं नाही. चाचणी करणाऱ्या संस्थेने हे आरोप नाकारले. पण अशा ठिकाणी तक्रार उठते, तेव्हा नुकसान एका संस्थेचं होत नाही. त्या वस्तीत पुढची दहा वर्षं जो कुणी फॉर्म घेऊन जाईल, त्याच्याकडे लोक संशयाने बघतील.

त्याआधी २००९–१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा प्रकल्प झाला. वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीच्या कागदांवर आईवडिलांऐवजी वॉर्डनच्या सह्या आढळल्या आणि संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. भराभर सह्या मिळवल्या की नोंदणीचा आकडा छान दिसतो. मला विचाराल तर ती नोंदणीच नव्हे.

खम्ममसारख्या धक्क्यांनंतर नियम आवळले गेले. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. २०१३ पासून इजा झाल्यास भरपाई आणि संमतीचं ध्वनिचित्रमुद्रण हे विषय नियमांत आले. मार्च २०१९ पासून नवे औषध आणि चाचणी नियम लागू आहेत. चाचणी सुरू होण्याआधी ती भारतीय चाचणी नोंदणीत सार्वजनिकपणे दाखल करावी लागते. ही नोंदणी २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून सक्तीची झाली. कुणीही ती उघडून आपल्या गावात काय चाललं आहे ते पाहू शकतं, आणि पाहावंच.

नियमांनी न सुटणारी गोष्ट भाषेची आहे. रायपूरमध्ये छापील संमतिपत्र हिंदीत असतं. समोर बसलेली बाई घरी छत्तीसगडी बोलते, बस्तरची असेल तर हलबी किंवा गोंडी. पंधरा पानं वाचून दाखवली म्हणजे समजली असं होत नाही. चांगला समन्वयक कागद बाजूला ठेवून विचारतो, "ताई, मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा बरं." ती म्हणाली, "नवी गोळी मिळणार, बरं वाटणार," तर संमती झालेली नाही. ती म्हणाली, "नवी मिळेल का साधी, ते तुम्हालाही माहीत नाही, दर महिन्याला रक्त काढणार, नको वाटलं तर मी येणं बंद करू शकते," तर झाली. याला वेळ लागतो आणि काही माणसं इथे 'नाही' म्हणतात. मात्र इथे 'नाही' म्हणणारा पुढे सहाव्या महिन्यात गायब होणाऱ्यांपैकी एक असू शकला असता.

४. सोडून गेलेल्यांचा हिशेब

माणसं मधेच सोडून गेली तर बिघडतं काय? बरेच जण म्हणतील, दोनशे होते, एकशेसत्तर उरले, तेवढ्यांचं बघू. एखादी शाळा दहावीचा निकाल शंभर टक्के लावण्यासाठी कच्च्या मुलांना नियमित परीक्षेला बसू न देता १७ नंबरचा फॉर्म भरायला लावते. निकाल खरंच शंभर टक्के लागतो आणि त्यावरून शाळेत शिकवणं कसं आहे हे कळत नाही. चाचणीतही असंच होतं. फरक इतकाच की इथे कुणी कुणाला हाकललेलं नसतं, माणसं आपापल्या कारणाने जातात.

आपल्या सिकलसेलच्या उदाहरणात प्रत्येक गटात १०० माणसं आहेत. समजा, नव्या गोळीचा काहीच उपयोग नाही. दोन्ही गटांत वर्षभरात ४० जणांना वारंवार वेदनांचे झटके येतात, ६० जणांना येत नाहीत. पण नव्या गोळीने मळमळ होते. आधीच दुखण्याने बेजार झालेला माणूस वर मळमळ कशाला सोसेल? त्या गटातले ३० जण येणं बंद करतात, त्यातले २५ झटकेवाले. उरलेल्या ७० जणांमध्ये झटकेवाले १५, म्हणजे २१ टक्के. साध्या गोळीच्या गटातून फक्त ५ जातात, त्यातले २ झटकेवाले. उरलेल्या ९५ मध्ये ३८, म्हणजे ४० टक्के.

कागदावर दिसतं की नव्या गोळीने झटके जवळपास निम्मे केले. प्रत्यक्षात तिने काहीच केलेलं नाही. उलट, ज्यांना सर्वांत जास्त त्रास होता त्यांनाच तिने दाराबाहेर घालवलं.

पुष्कळ संशोधक यावर सुरुवातीलाच जास्त माणसं घेण्याचा उपाय करतात. १६० हवीत, २० टक्के गळतील असं धरा, १६० ला ०.८ ने भागा, २०० घ्या. आकडा भरून निघतो, पण उरलेल्यांची निवड वाकडी असेल तर ती वाकडीच राहते. दोनशेऐवजी दोन हजार घेतले तरी.

खरा उपाय असा की चिठ्ठीने ज्याला ज्या गटात टाकलं, त्याला शेवटपर्यंत त्याच गटात मोजायचं, त्याने गोळी खाल्ली असो वा नसो. त्यासाठी त्याचं पुढे काय झालं हे कळायला हवं. म्हणून औषध बंद करणं आणि चाचणी सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्याच दिवशी रुग्णाला सांगायला हवं. "गोळी सोसत नसेल तर थांबवा, पण दोनतीन महिन्यांनी आम्ही फोन करून तब्येत विचारली तर चालेल ना?" या प्रश्नाला बहुतेक माणसं 'हो' म्हणतात. अनेक ठिकाणी तो विचारलाच जात नाही. गोळी बंद झाली की फाइलही बंद होते.

५. तीजा, धानकापणी आणि तीनशे किलोमीटर

माणसं का सोडतात याची यादी सगळीकडे थोडीफार सारखीच असते: दूरचं अंतर, बुडणारी मजुरी, रक्त काढण्याची भीती, घरच्यांचा विरोध, बरं वाटू लागणं, बरं न वाटणं. पण तारखा ज्या त्या मुलखाच्या असतात.

छत्तीसगडमध्ये भाद्रपदात तीजा येते. भाऊ नाहीतर वडील न्यायला येतात आणि लग्न झालेल्या बायका माहेरी जातात. वय झालेल्या बायकाही जातात. त्या आठवड्यात ठेवलेली तपासणी चुकणार हे आधीच ठरलेलं आहे. आषाढात धानाची पेरणी, कार्तिकात कापणी. कापणी उरकली की कित्येक घरं कमवायला बाहेर पडतात, वीटभट्ट्यांवर उत्तर प्रदेशापर्यंत, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. चाचणीचं वेळापत्रक मात्र 'दर २८ दिवसांनी, तीन दिवस अलीकडे-पलीकडे' असं असतं. ते आखणाऱ्याने छत्तीसगडचं पंचांग पाहिलेलं नसतं. जगदलपूरहून रायपूर सुमारे तीनशे किलोमीटर. उपाशीपोटी रक्त द्यायचं तर माणूस रात्रीच निघतो, सकाळी रांगेत उभा राहतो, दुपारी प्रयोगशाळेतून सुटतो आणि घरी पोचायला पुन्हा रात्र होते. दोन दिवसांची मजुरी गेली, सोबतच्याची वेगळी. हातात फक्त बसभाडं ठेवून "पुढच्या महिन्यात नक्की या" म्हणण्यात काय अर्थ आहे?

पत्त्याची नोंदही जवळून पाहण्यासारखी असते. फॉर्मवर एकच मोबाइल नंबर लिहिण्याची जागा असते. तो नंबर बहुधा धाकट्या भावाचा असतो, आणि तो कामाला परगावी गेला की नंबरही त्याच्याबरोबर जातो. अनुभवी क्षेत्र-कार्यकर्ती वहीत वेगळंच लिहून ठेवते: हापशासमोरचं किराणा दुकान, तिथे मोठ्या जावेला विचारायचं, माहेर कुठल्या गावी, तिथल्या कुणाचा नंबर, कापणीनंतर कुठे जातात, गावची मितानिन कोण. छत्तीसगडने २००२ पासून गावोगावी निवडलेल्या या आरोग्यसेविका आज सत्तर हजारांच्या आसपास आहेत. देशभरची आशा योजना त्यांच्यानंतर आली. गावातली कोण माहेरी गेली आणि कोण भट्टीवर, हे मितानिनला न विचारता माहीत असतं. पण तिला चाचणीच्या कामाला लावायचं तर त्याचा रीतसर मोबदला द्यायला हवा, आणि रुग्णाचा आजार तिला कळलेला चालेल का हे रुग्णालाच आधी विचारायला हवं.

६. गनियारीचं वजन, झारखंडचा शिधा

माणसं शेवटपर्यंत टिकवण्याचं माझ्या माहितीतलं सर्वांत चांगलं उदाहरण झारखंडमधलं आहे, पण त्याचं मूळ छत्तीसगडात आहे. बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था काम करते. तिथे २००४ ते २००९ या काळात आलेल्या फुप्फुसाच्या क्षयाच्या १,६९५ प्रौढ रुग्णांची वजनं तपासली गेली. पुरुषांचं मधलं वजन सुमारे ४२ किलो निघालं, बायकांचं ३४. प्रौढ बाईचं वजन चौतीस किलो! गनियारीच्या या कामात असलेल्या डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी त्यातून पुढचा प्रश्न उभा केला: घरात एकाला क्षय झाला असताना बाकीच्यांना पोटभर सकस जेवण मिळालं, तर त्यांचा क्षय टळेल का?

'रेशन्स' नावाची ही चाचणी २०१९ ते २०२२ मध्ये झारखंडच्या चार जिल्ह्यांत झाली. चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था त्यात सोबत होती. तिथे सुमारे २,८०० रुग्ण होते, आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं. त्यांतले बहुसंख्य संथाळ, हो, मुंडा, उरांव अशा आदिवासी समाजांतले. चिठ्ठी घरांची नव्हे तर क्षयरोग केंद्रांची टाकली. प्रत्येक रुग्णाला, तो कुठल्याही गटात असो, महिन्याला १० किलोचा शिधा मिळत होता. एका गटात घरातल्या इतरांनाही शिधा मिळत होता, मोठ्या माणसाला महिन्याला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ. चाचणीच्या मधोमध कोविडची टाळेबंदी आली.

तरीही शेवटच्या तपासणीपर्यंत शिध्याच्या गटातली ९४.८ टक्के आणि दुसऱ्या गटातली ९०.७ टक्के माणसं टिकली. मला या दोन्हींत दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. ज्यांना स्वतःसाठी जादा काही मिळत नव्हतं, तेही नव्वद टक्क्यांवर राहिले. त्यांच्या घरातल्या रुग्णाला मिळणारा शिधा, नियमित तपासणी, दारात येणारं ओळखीचं माणूस, हे दोन्ही गटांत सारखं होतं. निष्कर्ष २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले: शिधा मिळालेल्या घरांत नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी, आणि थुंकीतून सिद्ध झालेला फुप्फुसाचा क्षय ४८ टक्क्यांनी कमी. निम्मी माणसं वीटभट्टीवर हरवली असती, तर या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवला नसता.

चेन्नईच्या याच संस्थेने १९५६ मध्ये, तेव्हाच्या मद्रासमध्ये, क्षयरोग्याला घरी ठेवून औषध द्यावं की सॅनेटोरियममध्ये, याची चाचणी सुरू केली होती. गरीब वस्त्यांतल्या रुग्णांच्या घरी कार्यकर्ते अवचित जात, गोळ्या मोजत, लघवीत औषध उतरलं आहे का तपासत. घरचे उपचार सॅनेटोरियमइतकेच गुणकारी ठरले आणि जगभरची सॅनेटोरियमं हळूहळू ओस पडली.

आपल्याकडे पुण्याजवळच्या वढूचं नाव घ्यायला हवं. डॉ. बानू कोयाजी यांनी तिथे १९७२ मध्ये केईएम रुग्णालयाचं ग्रामीण काम सुरू केलं. रोटाव्हॅक या अतिसारविरोधी लशीच्या चाचणीत दिल्ली, वेल्लोर आणि वढू मिळून ६,७९९ बाळं होती. घरी दर आठवड्याला कुणीतरी येऊन बाळाची चौकशी करत असे. २०११ मध्ये ही चाचणी तिथे पोचली, तेव्हा रुग्णालयाला गावं जवळपास चाळीस वर्षं ओळखत होती. ही ओळख नोंदणीच्या आदल्या महिन्यात पोस्टर लावून तयार होत नाही.

७. हजर राहणं आणि गोळी घेणं

एक सावधगिरी. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वेमध्ये ५,०२९ बायकांवर एचआयव्ही टाळण्याच्या औषधांची 'व्हॉइस' नावाची चाचणी झाली. टिकण्याचं प्रमाण उत्तम, ९० टक्क्यांच्या वर. बायका वेळेवर येत, गोळ्या घेतल्या असं सांगत, परत आणलेली पाकिटंही तेच सांगत. रक्त तपासलं तेव्हा एक तृतीयांशापेक्षाही कमी जणींत औषध सापडलं. एचआयव्हीच्या गोळ्या घरात दिसल्या तर लोक काय म्हणतील ही भीती होती, आणि नियमित तपासणी तर हवी होती. म्हणून त्या येत राहिल्या. "गोळी घेतली का?" असं रागावून विचारलं की उत्तर 'घेतली' असंच येणार. "गेल्या आठवड्यात कुठल्या दिवशी राहून गेली?" असं विचारलं, तर खरं कळण्याची शक्यता असते.

८. पैसे द्यावेत का?

द्यावेत. प्रवास, बुडालेली मजुरी, जेवण, सोबतच्याचा खर्च, सगळं द्यावं, आणि रुग्ण घरी निघण्याआधी हातात द्यावं. महिनाभराने बँकेत जमा होईल म्हणणं म्हणजे गरिबाने चाचणीला उधारी देणं. पण रक्कम इतकी मोठी नको की तिच्यासाठी माणूस आपला दुसरा आजार लपवेल. किती योग्य ते नैतिकता समिती ठरवते, आणि त्या समितीत डॉक्टर नसलेला, समाजातला माणूसही असतो. रायपूरला दोन दिवसांची मजुरी आणि बसभाडं किती होतं, हे त्याने बैठकीत सांगायला हवं.

९. शेवटची भेट

बहुतेक चाचण्यांत शेवटच्या तपासणीनंतर रुग्णाशी संबंध संपतो. निकाल वर्षभराने इंग्रजी नियतकालिकात छापून येतो. ज्याने बारा वेळा रक्त दिलं त्याला आपण कुठल्या गटात होतो हेही कळत नाही. हे बदलणं अवघड नाही. पहिल्याच दिवशी विचारून ठेवायचं: निकाल आला की कळवायचा कसा, फोनवर, पत्राने, की गावात येऊन? मग निकाल आल्यावर दोन गोष्टी सांगायच्या: तुम्हाला मिळत होती ती गोळी कोणती, आणि ती चालली का. चालली असेल तर तिसरीही: ती आता कुठे मिळेल आणि तुम्हाला केवढ्याला पडेल. या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर संशोधकाकडे तयार हवं, कारण नाव घालताना रुग्णाच्या घरच्यांच्या मनात हाच प्रश्न असतो.